दोन बाकांचा शाफ्ट

आमच्या घरात दोन सख्खे भाऊ एका पंगतीला बसून जेवत आणि एकमेकांशी एक अक्षर बोलत नसत. एक माझे वडील, वामन, ज्यांना आम्ही बाबा म्हणायचो, आणि दुसरे त्यांचे थोरले भाऊ, अण्णाकाका. भांडण म्हणावं तर आवाज कुणाचा चढत नव्हता. नुसतं बोलणं बंद होतं. दोघांच्या मधे माझी आई भाताचं पातेलं घेऊन उभी असे. अण्णाकाका पानावरची नजर न उचलता म्हणत, "सुमन, सांग तेका, परड्यातल्या माडाक किडो लागलो हा." बाबा हातभर अंतरावर बसलेले. त्यांना ऐकू गेलेलं असे, पण ते मान वर करत नसत. आई डाव थांबवून त्यांच्याकडे वळे आणि तेच वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणे. तेव्हा कुठे बाबा म्हणत, "सांग दादाक, उद्या माणूस बोलवतंय." मग आई पुन्हा अण्णाकाकांकडे वळे. नवख्या पाहुण्याला हसू फुटे. आम्हाला मात्र त्यात वावगं काही वाटत नसे, कारण सवय झाली की माणूस कशालाही घर म्हणतो. आईचा भात निवून जाई, ही गोष्ट तेव्हा कुणी लक्षात घेतली नाही.

या अबोल्याचं कारण घरामागच्या मांगरात, गवताच्या पेंढ्या ठेवायच्या त्या खोपीत, ताडपत्रीखाली झाकलेलं होतं. अण्णाकाकांनी तरुणपणी गोव्यात एका भाटकाराकडे, म्हणजे मोठ्या जमीनदाराकडे, गाड्या सांभाळायचं काम केलं होतं. तो भाटकार कायमचा परदेशी निघून गेला तेव्हा आपली दोन माणसांची उघडी इंग्रजी गाडी अण्णाकाकांच्या हवाली करून गेला. काकू गेल्यावर आणि मुलगी सुधा लग्न होऊन मुंबईला गेल्यावर अण्णाकाका त्या गाडीसकट मालवणला आमच्या घरी राहायला आले. गाडी ठेंगणी, जमिनीला लागून बसलेली, नाक लांबच लांब. चाकांना सायकलीसारख्या तारा. लाल रंग उन्हापावसात विटून पिकल्या काजूच्या बोंडासारखा झालेला. टप नव्हताच. बसायच्या दोन जागा आणि त्यांच्या मागे सामानाची एक अरुंद फळी. मी पहिल्यांदा ताडपत्रीचं टोक उचलून आत पाहिलं तेव्हा ते पुन्हा खाली सोडायचंच विसरले. आमच्या गावात टॅक्सी होत्या, जीप होत्या, लाल एसट्या होत्या. पण केवळ जायच्या आनंदासाठी कुणी एखादी वस्तू इतकी मन लावून घडवली असेल, हे मला माहीतच नव्हतं.

ती गाडी चालत नव्हती. तरी संध्याकाळी अण्णाकाका मला शेजारी बसवायचे, स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवायचे आणि आम्ही बसल्या जागी गोव्यातून फिरून यायचो. कुठे वळण, कुठे चढ, कुठल्या घरापाशी कुत्रं अंगावर येतं, हे सगळं ते सांगायचे आणि मी वळणावर अंग कलतं करायची. मी तेव्हा अकरावीत होते, म्हणजे असल्या खेळाचं वय उलटून गेलं होतं. पण अण्णाकाकांजवळ माझं वय मला कधी आठवायचं नाही. बापापेक्षा माझा जीव त्यांच्यावर जास्त होता आणि बापाला ते ठाऊक होतं.

बाबा मच्छीमारांच्या होड्यांना आणि ट्रॉलरना इंजिनं बसवायचे. हे काम मी किनाऱ्यावर उभी राहून कितीदा पाहिलं असेल! पंख्याचा शाफ्ट होडीच्या मागच्या नळीतून बाहेर गेलेला असतो, तो काही हलत नाही. इंजिन उचलून, सरकवून, खाली पत्रे घालून त्या शाफ्टच्या अगदी रेषेत आणायचं. दोन्हीकडच्या लोखंडी चकत्या एकमेकींना टेकवून बाबा मधे कागदाएवढी पातळ पत्ती घालत, वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून. कुठे केसभर जास्त गेली तरी पुन्हा सगळं सैल करत. "येक रेग होयी," ते म्हणायचे. "शाफ्ट वाकडो तर होडी रडता." जेटीवर त्यांनी हात लावलेली होडी रडत नाही अशी ख्याती होती. डोळे मिटून, लाकडी दांड्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून ते ऐकत बसायचे, तेव्हा देवळातल्यापेक्षा जास्त शांतता त्यांच्या चेहऱ्यावर असे. आजही कुणी डोळे मिटून ऐकताना दिसलं की मला बाबा आठवतात.

तर झालं असं. अण्णाकाका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला सुधाताईकडे गेले होते. परत येईपर्यंत गाडी चालू करून भावाला चकित करावं म्हणून बाबांनी तिचं इंजिन उतरवलं आणि आपल्या कारखान्यात नेलं. बघतात तर ठोकळ्यालाच तडा. नाइलाजानं ते इतर मेलेल्या होडी-इंजिनांच्या ढिगाजवळ ठेवलं. बाबा देवगडला कामावर गेले असताना भंगारवाला आला आणि सवयीप्रमाणे सगळा ढीग उचलून घेऊन गेला. अण्णाकाका परतले, हिरवी पट्टी बांधलेल्या डोळ्यानं तडक मांगरात गेले, बॉनेट उचललं. आत रिकामी पोकळी. त्यांनी बॉनेट हलक्या हातानं खाली लावलं, जसं झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार लावावं, आणि त्या दिवसापासून बाबांशी बोलणं सोडलं.

बाबांनी तोंडानं माफी मागितली नाही. त्यांना ते जमतच नसे. पण पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवल्या आणि हाताला उसंत मिळाली, तसं त्यांनी कणकवलीहून एका जुन्या अॅम्बॅसिडरचं इंजिन आणि गिअरबॉक्स आणला. घरातलं जेवण, झोप, देवपूजा सगळं त्या इंजिनाभोवती फिरायला लागलं. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, वर मंडपी घालून गाडी आणून उभी केली. बाबा दिवसभर खाली, त्यांचे नुसते पाय बाहेर. अण्णाकाका पडवीत आरामखुर्चीवर, तोंडासमोर वर्तमानपत्र, जे तासन्तास उलटलं जात नसे. घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं खायला बाबा खालून बाहेर यायचे तेव्हा दोघांमधे आई उभी असायचीच.

इथे मला थोडं यंत्राबद्दल सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गाडीत इंजिन पुढे आणि ओढणारी चाकं मागे. मधे तो लांब शाफ्ट. मागची चाकं खड्ड्यात वरखाली होतात, म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा असतो. गॅरेजवाले त्याला क्रॉस म्हणतात. त्या सांध्यामुळे शाफ्ट तिरका असला तरी फिरतो. बाबांना हे सांधे म्हणजे लबाडी वाटायची. होडीवाल्या माणसाच्या डोळ्याला सरळ रेघ हीच खरी. त्यांनी पाण्याच्या नळीनं पातळी बघून इंजिन अगदी सपाट बसवलं. मागचा आस, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा दांडा, थोडा खाली, त्यामुळे शाफ्ट उतरता. इंजिन आता हलवायचं नाही, तर मग आसाचं नाक, जिथे शाफ्ट जोडतात, ते वर करू, असं म्हणून त्यांनी आस आणि त्याच्या स्प्रिंगचे कमानपाटे यांच्या मधे लोखंडी पाचरी ठोकल्या. आसाचं नाक थेट शाफ्टकडे बघायला लागलं. मागच्या सांध्यातला बाक, म्हणजे वाकण, गेला, पुढच्या सांध्याचा तेवढा राहिला. "दोन बाकांपरास येक बरो," ते समाधानानं म्हणाले. मला ते इतकं पटलं की मी मान डोलावली. तुम्हालाही पटलं असेल.

उघडीप पडली त्या दिवशी अण्णाकाका नवीन धोतर नेसून खाली उतरले आणि एकटेच गाडी घेऊन कट्टा गावापर्यंत गेले. गाडी सुरू झाली तेव्हा शेजारपाजारची माणसं कुंपणाशी गोळा झाली होती. बाबा पायरीवर बसून राहिले. जाताना आवाज लांबपर्यंत येत होता, आणि परतीचा आवाज आला तो फार हळू. अण्णाकाका उतरले, विहिरीवर पाय धुतले, पडवीत आले.

"सुमन, सांग तेका. चाळीसच्या फुडे काटो गेलो काय गाडी थरथरता. बसल्या जाग्यार दात वाजतत." ते पंचानं पाय पुसायला लागले. "आणि सांग, चवथ झाली काय मी मुंबयक सुधाकडे जातंय. कायमचो. गाडी भंगारवाल्याक देवा. तेका वाट म्हायत आसा."

आईनं तोंड उघडलं आणि मिटलं. निरोप न पोचवण्याची तिची ती पहिलीच वेळ. बाबांनी ऐकलं होतंच. ते उठले आणि पुन्हा गाडीखाली शिरले. मी माडाखाली जाऊन रडले, तिथे एक केरसुणी घेऊन, म्हणजे कुणी आलं तर झाडत होते असं दिसावं. अण्णाकाका गेले तर घर निम्मं होणार होतं. आणि चवथ, आमच्याकडचा गणपतीचा सण, महिना-दीड महिन्यावर आली होती. अण्णाकाकांनी त्याच संध्याकाळी आपली पत्र्याची ट्रंक खाली काढून पडवीत आणून ठेवली.

पुढचे दिवस बाबांनी सगळं उकलून पाहिलं. चाकं पाहिली, चाकांच्या तारा वाजवून पाहिल्या, सांधे नवे घातले. काठी कानाला लावून ऐकलं. थरथर तशीच. त्यांचं जेवण कमी झालं आणि बोलणं तर आईशीही उरलं नाही. नागपंचमीच्या दिवशी आई पातोळ्या करत होती. हळदीच्या पानांचा वास घरभर सुटला होता. बाहेर बॉनेट उघडं असतानाच एक सर आली आणि गेली. मंडपी गळत होती, त्यामुळे इंजिनाच्या झाकणावर पाणी साचलं. अण्णाकाका पडवीतून त्या पाण्याकडे बघत होते. बराच वेळ बघत होते.

"सुमन," त्यांनी हाक मारली. आई ओल्या हातानं बाहेर आली. "सांग तेका, भाटकाराकडे ही गाडी भिजली काय झाकणावरचा पाणी नेमी मागच्या बाजूक जमायचा. हंय मधी ऱवला हा. म्हंजे तेव्हा इंजिन सपाट नव्हता."

आईनं सांगितलं. बाबा खालून म्हणाले, "सांग दादाक, इंजिनाक उतार दिलो तर उतार. पण फुडचो बाक खंय जातलो?"

"सांग तेका, आसाखाली पाचरी पण नव्हत्यो. दोनय बाक कंपनीन तसेच सोडलेले. इतकी शाणी माणसां, उगाच सोडतली?"

"सांग दादाक..."

"मी पातोळ्यो उतरू काय तुमचे निरोप पोचवू?" आई म्हणाली. "पानां करपतत थंय. बोला नायतर मुके रवा." आणि ती आत निघून गेली. आईला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्या दोघांनीही नसावं. माडावरून पाणी टपकत होतं तेवढाच आवाज. बाबा गाडीखालून बाहेर आले, चिखलानं भरलेले, आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "विजू, हंय ये. एक शाफ्ट आणूया."

कारखान्यात एका जीपचा जुना शाफ्ट पडला होता, दोन्ही टोकांना सांधे असलेला. आम्ही तो खळ्यात आणला. बाबांनी लाकडी ओंडक्यांना खाचा पाडून दोन्ही सांध्यांपलीकडचे आखूड खुंट त्यात बसवले, म्हणजे खुंट फिरतील पण हलणार नाहीत. एक टोक त्यांनी धरलं. दुसरं धरायला माणूस हवा होता. अण्णाकाका पायरी उतरून आले, धोतर खोचलं आणि दुसऱ्या टोकाशी उकिडवे बसले. कुणी बोलावलं नव्हतं. मी मधे बसले आणि शाफ्टच्या पोटाला दोन्ही तळहात लावले.

आधी बाबांच्या बाजूला मोठा बाक दिला, मुद्दाम मोठा, म्हणजे हाताला कळेल, आणि अण्णाकाकांच्या बाजूला सरळ ठेवलं. आमची गाडी होती अगदी तशी. बाबा संथ, एकसारखं फिरवायला लागले. अण्णाकाकांनी खुंटावर बोटं ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "धक्के मारता. धावता आणि थांबता, धावता आणि थांबता." बाबांनी मान हलवली. मग ओंडके सरकवून अण्णाकाकांच्या बाजूलाही तेवढाच बाक दिला. आता दोन्ही खुंट एकमेकांना समांतर आणि शाफ्ट मधे तिरका. माझ्या डोळ्याला ते भयंकर वेडंवाकडं दिसत होतं. जेटीवर कुणी असा शाफ्ट दाखवला असता तर बाबांनी त्याला पाण्यात ढकललं असतं. बाबा पुन्हा फिरवायला लागले.

अण्णाकाकांचा चेहरा बदलताना मी पाहिला. आधी कपाळाला आठी, मग भुवया वर, मग तोंड जरा उघडं. "विजू, ह्या सारख्या फिरता गो," ते हळूच म्हणाले, जणू मोठ्यानं बोललं तर ते थांबेल. "लोण्यासारख्या."

"पण मधे धक्के लागतत!" मी ओरडले. माझ्या तळहातांखाली तो लोखंडी शाफ्ट घाई करत होता आणि रेंगाळत होता, प्रत्येक फेऱ्यात दोनदा, एखाद्या जिवंत जनावराच्या छातीसारखा. बाबांच्या हातात काही नाही, अण्णाकाकांच्या हातात काही नाही, आणि मधे माझ्या हातात सगळं. पहिला सांधा जो खोडसाळपणा करत होता तो दुसरा सांधा बरोबर उलटा करून पुसून टाकत होता. मात्र दोघांचा बाक सारखा हवा. देवाची मूर्ती, समुद्र, मोठी वादळं, ज्यांनी ज्यांनी छाती दडपावी असं सांगतात ती सगळी मी पाहिली होती. पण असं काही आपल्याला नकळत जगात सतत चाललेलं असतं, प्रत्येक एसटीखाली, प्रत्येक ट्रकखाली, ही गोष्ट मला त्या सगळ्यांहून थोर वाटली आणि अजून वाटते. पुढे मी आयुष्यभर गणित शिकवलं. या फिरण्याचं सूत्र फळ्यावर लिहिताना दरवेळी माझे तळहात हुळहुळायचे. मुलांना मात्र ती नुसती परीक्षेबाहेरची कटकट वाटायची.

बाबांनी हात थांबवला नाही. ते फिरवतच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर चूक कळल्याची लाज मला दिसली नाही, उलट जत्रेत पहिल्यांदा आकाशपाळणा बघणाऱ्या पोरासारखे ते दिसत होते. "म्हंजे दोनय वाकडे होये," ते स्वतःशी म्हणाले. "पण सारखे वाकडे."

मग इंजिनाचं शेपूट जरा खाली उतरवलं. आसाच्या पाचरी काढून पातळ पाचरी घासायला घेतल्या. इंजिनाचा उतार आणि आसाचा उतार एकच यायला हवा, मधला शाफ्ट काय तो तिरका असो. मोजायला माझ्या कंपास पेटीतला कोनमापक कामाला आला. त्याच्या मधल्या छिद्रातून दोरा सोडायचा, दोऱ्याला जाळ्याचं शिसं बांधायचं, सरळ बाजू लोखंडी चकतीला टेकवायची आणि दोरा कुठे पडतो ते वाचायचं. बाबांना जवळचं दिसत नसे, म्हणून पाठीवर झोपून आकडे मी वाचायची. इंजिनाकडे तीन अंश. आसाकडेही तीन आले. बाबा खूश झाले. पण अण्णाकाका वरून म्हणाले, "विजू, गाडयेत माणूस बसलो काय पाटे दबतले. आस फिरतलो."

हे खरं होतं. रिकाम्या गाडीचा कोन म्हणजे उपाशी माणसाच्या कमरेचं माप. गाडीत माणसं बसवूनच मोजायला हवं होतं. चाकाशी अण्णाकाका बसले. शेजारी कुणी बसावं? मी खाली आकडे वाचायला हवी. बाबांनी आईला हाक मारली.

"आगो बाय! भावजींच्या शेजाराक बसू?" आई दारातच थबकली. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर खुर्चीवर बसत नसे, मग मांडीला मांडी लागेल अशा त्या गाडीत बसणं तर लांबच. इतक्या वर्षांत ती त्यांच्यासमोर उभीच राहिली होती.

"मगे खंय बसतलंस? टपार?" बाबा खालून ओरडले. "टप तरी खंय आसा!"

"बस गो सुमन," अण्णाकाका समोर बघत म्हणाले. "आज तू माणूस नाय, वजन आसंस."

आई डोक्यावर पदर घेऊन, दाराच्या बाजूला जितकं सरकता येईल तितकं सरकून बसली. तिचं वजन मधे पडावं म्हणून बाबांनी तिला आत सरकायला सांगितलं. ती बोटभर सरकली. "हालू नको गो! विजू, काय दिसता?" साडेचार दिसत होते. पुन्हा पाचर काढायची, घासायची, घालायची, आणि पुन्हा आई गाडीत. तिसऱ्या खेपेला तिचा पदर खांद्यावर आला होता आणि ती अण्णाकाकांना विचारत होती की ह्या बटणानं काय होतं. त्यांनी हॉर्न दाबून दाखवला. शेजारच्या कोंबड्या उडाल्या आणि आई तोंडाला पदर लावून हसली. खाली माझ्या डोळ्यांसमोर दोरा हलला, थांबला, आणि तीनवर पडला. तो पडलेला दोरा, त्याला लोंबणारं समुद्रात भिजून काळं झालेलं शिसं, आणि वर आईचं हसू. त्या गाडीखालच्या ओल्या अंधारात मी बाबांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

चवथीच्या आधी एक लख्ख दिवस मिळाला. अण्णाकाका चाकाशी, बाबा शेजारी, आणि मी मागच्या सामानाच्या फळीवर आडवी, दोघांच्या खांद्यांमधून डोकं काढून. शाफ्ट माझ्या खालून जात होता. आई ट्रंकेपाशी उभी होती. तिनं हात हलवला नाही, नुसती बघत राहिली. कट्टा गेला, कसाल गेलं, हमरस्ता लागला. वारा कानात इतका भरत होता की बोलता आलं नसतं. कणकवलीच्या पुढे फोंडाघाटाच्या रस्त्यावर सरळ पट्टा आला तेव्हा अण्णाकाकांनी पाय दाबला. काटा तीसवर गेला, पस्तीसवर गेला. बाबांनी दोन्ही हातांनी दाराची कड धरली. चाळीस. मी दात घट्ट मिटले. पंचेचाळीस. पन्नास. दोन्हीकडची भातशेती हिरव्या पाण्यासारखी मागे वाहत होती, समोर सह्याद्रीची भिंत आणि तिच्यावरून उतरणाऱ्या पांढऱ्या धारा, आणि आम्ही कशाला स्पर्शही न करता जात होतो. असं वाटत होतं की गाडी उभी आहे आणि कुणीतरी जग अलगद आमच्याखालून ओढून घेतंय.

"विजू, सांग तेका..." अण्णाकाकांनी सवयीनं सुरुवात केली आणि ते थांबले. मग त्यांनी मान डावीकडे वळवली, वाऱ्यात, मोठ्यानं.

"वामना! आवाज खंय गेलो रे?"

बाबांचे डोळे वाहत होते. उघड्या गाडीत डोळे वाहतातच, पण माझे तसे वाहत नव्हते. "खंय जातलो, दादा?" ते म्हणाले. "हयच आसा. मधी. भायर येणा नाय इतक्याच."

मी फळीवरचा हात खाली सरकवून शाफ्टवरच्या पत्र्यावर तळवा टेकवला. होता. अगदी बारीक, झोपलेल्या मांजराएवढा. अण्णाकाकांनी फोंड्याच्या बाजारात गाडी थांबवली नाही, तसेच घाट चढायला लागले. वळणावर दोघे भाऊ एकदम कलले आणि मीही कलले, जशी मांगरात कलायची.

दिवेलागणीला परतलो. अण्णाकाकांनी उतरल्या उतरल्या ट्रंक स्वतः उचलून आत नेली आणि माळ्यावर ठेवली. जेवणात कुळथाची पिठी, भात आणि सोलकढी होती. पंगतीत दोघे भाऊ जे तंडायला लागले ते थांबेनात. इंजिन अजून बोटभर खाली गेलं असतं की नाही यावर वाद. "तुका काय कळता रे गाडयेतला?" अण्णाकाका ओरडत होते. "माका? पाचरी कोणी घासल्यो मगे?" बाबा ओरडत होते. इतक्या दिवसांची सगळी बाकी त्यांनी एका बैठकीत काढली. पिठी बोटांवर वाळून गेली तरी हात थांबले नव्हते.

आई दोघांच्या मधे भाताचं पातेलं घेऊन उभी होती. एकदा या तोंडाकडे बघत होती, एकदा त्या. निरोप यायची वाट बघत होती बिचारी, आणि निरोप येतच नव्हता. तिचा चेहरा नेहमीसारखाच शांत होता, डाव हातात सरळ होता. मी सोलकढीची वाटी घेऊन तिच्या मागून जात होते. का कोण जाणे, जाता जाता मी तिच्या पाठीवर तळहात ठेवला. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. माझ्या हाताखाली तिची सगळी पाठ थरथरत होती. मी हात तिथेच ठेवला, आणि पंगतीतलं ते भांडण कधी संपूच नये असं मला वाटलं.